पाणी थोडं, फड चार
(प्रस्तावना)

ऑनलाइन चर्चा चालवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना मी पांझरा नदीपासून सुरू करणार, हे ऐकून लेखकमंडळी जरा चपापली. त्यांनी मला बोलावलं होतं ते एका मराठी संस्थळाच्या संपादक मंडळात मी नऊ वर्षं धागे निस्तरले म्हणून. पाटबंधाऱ्यांचं मला काय कळतं, असं त्यांना वाटलं असणार. फारसं कळत नाही. पण जे थोडं कळतं ते इथे उपयोगी पडेल.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांतून निघालेल्या पाटांच्या पाण्यावर तिथल्या गावांनी तीनशे-चारशे वर्षं आपली आपण शेती भिजवली. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग पाडायचे. एकेक भाग म्हणजे एक फड, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा ऊस कुठे, हंगामी पीक कुठे, कुठल्या फडाला पाणीच द्यायचं नाही, हे पंच बसून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. एका शेतकऱ्याची जमीन सहसा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे, त्यामुळे कोरड्या फडाची झळ थोडीथोडी सगळ्यांना बसे.

या व्यवस्थेतलं मला भावतं ते एवढंच, की कोरड्या फडाचा निर्णय पाणी सोडण्याच्या आधी होई. दोघं जण फावडी घेऊन पाटावर उभे राहिल्यावर पंच बोलावले असते, तर न्यायालाही भांडणाचाच वास आला असता.

ऑनलाइन चर्चेत पाणी म्हणजे लक्ष. वाचणाऱ्याचं लक्ष, आणि राखण करणाऱ्यांचे रात्रीचे दोन तास. जागा अमर्याद असते, कितीही धागे काढा, सर्व्हर कुरकुरत नाही. लक्ष मात्र मोजकं. तरीही चर्चागट सुरू करताना आपण जे लिहितो ते चारही फड एकदम भिजवायच्या थाटात. ‘सर्वांचे स्वागत. लेखन दर्जेदार असावे. मतस्वातंत्र्याचा आदर केला जाईल. वैयक्तिक टीका टाळावी.’ यातलं एकही वाक्य चूक नाही. पण प्राधान्यक्रम या शब्दातला क्रम आपण गिळून टाकलेला असतो, आणि उरते ती नुसती चांगल्या गोष्टींची यादी. दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर आल्या की यादी गप्प बसते.

आमच्याकडे त्या कशा समोरासमोर आल्या ते सांगते. संस्थळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे लिहायला लागले. विषय, मुक्कामी गाड्या. शेवटच्या गावात रात्री गाडी लावायची, ड्रायव्हर-कंडक्टरनं देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची, पहाटे पहिल्या फेरीला दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायचं. असं लेखन कुठे वाचायला मिळत नाही. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं आनंद होता. पहिल्या भागाखाली आमच्या एका जुन्या, विद्वान आयडीनं चुकांची यादी दिली. अगदी सभ्य भाषेत, खाली ‘पु.ले.शु.’ (पुढील लेखनास शुभेच्छा) सुद्धा. दुसऱ्या भागाखाली यादी, तिसऱ्याखाली यादी. चौथ्या भागानंतर काका लिहायचे थांबले. तक्रार नाही, निरोपाचा धागा नाही, काही नाही. पाचेक महिन्यांनी कुणीतरी विचारलं, ‘ते मुक्कामी गाडीवाले काका कुठे गेले?’ तेव्हा आमच्या लक्षात आलं.

नियम कुणीच मोडला नव्हता. दुरुस्त्या एकूण एक बरोबर होत्या. आमच्या धोरणात ‘दर्जेदार लेखन’ही होतं आणि ‘सर्वांचे स्वागत’ही होतं, आणि दोन्ही एका वेळी जमत नसेल तर आधी काय, यावर आम्ही पाच जण कधी बोललोच नव्हतो. मग ठरवलं कुणी? ज्याच्याकडे वेळ जास्त होता त्यानं.

इथे शुद्धलेखनाच्या नावानं बोटं मोडायचा माझा हेतू नाही. मनोगत या संस्थळावर शुद्धिचिकित्सकाची सोयच होती. तिथे येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे की इथे भाषेची निगा आधी. ते गंभीरपणे ठरवलेलं होतं, आणि ज्यांना मानवत नसे ते दुसरीकडे जात. मराठी विकिपीडियाचा क्रम आणखी निराळा. तिथे लिहिणाऱ्याचं मन राखण्यापेक्षा विधानाला संदर्भ आहे का हे आधी, आणि ज्ञानकोशाचं तेच काम आहे. दुखावलेल्यानं चावडीवर यावं, प्रचालकांशी वाद घालावा. मजकूर मात्र संदर्भानंच टिकेल. गप्पांच्या ठिकाणी हा क्रम लावला तर महिन्याभरात चिटपाखरू उरणार नाही, आणि ज्ञानकोशाला गप्पांचा क्रम लावला तर प्रत्येक गावचा इतिहास पांडवांपासून सुरू होईल. तेव्हा ‘सर्वोत्तम प्राधान्यक्रम कोणता’ हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर विचारू नका, अशी या प्रस्तावनेतून विनंती करून ठेवते.

न ठरवण्याची हौस मात्र जुनी आहे, आणि तिची सगळ्यात शिकवणारी गोष्ट लॅम्डामूची. १९९०मध्ये पॅव्हेल कर्टिस या संगणकतज्ज्ञानं झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात हे आभासी घर उभारलं. चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. खोल्या, अंगण, वस्तू, माणसं, सगळी वर्णनं लिहून केलेली. देशोदेशीची माणसं तिथे तासन्‌तास गप्पा मारत. कारभारी होते, त्यांना जादूगार म्हणत. लोकांची भांडणं सोडवता सोडवता जादूगार कंटाळले. १९९२च्या डिसेंबरात कर्टिसनं जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्र चालतं ठेवू, तुमचे सामाजिक तंटे तुम्ही सोडवा. यात मोठेपणा होता, लोकशाहीवरचा विश्वास होता, आणि थोडी झोपेची गरजही असावी.

तीनच महिन्यांनी एका सदस्यानं दिवाणखान्यात भर गर्दीत एक क्लृप्ती वापरून इतरांच्या पात्रांच्या तोंडी आणि हाती अत्यंत हिंसक, लैंगिक अत्याचाराचा मजकूर घातला. ज्यांच्या पात्रांबाबत हे घडलं ती खरी माणसं होती, आपापल्या घरी पडद्यासमोर बसलेली. गावभर चर्चा पेटली. त्याला काढा म्हणणारे, काढण्याचा अधिकार कुणाला म्हणणारे, शब्दांनी इजा होते का म्हणणारे. सभा भरली, तासन्‌तास चालली आणि काहीही न ठरता पांगली. त्यानंतर एका जादूगारानं एकट्यानं निर्णय घेऊन ते खातं पुसून टाकलं. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं हे सगळं त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये लिहिलं आणि ऑनलाइन समाजांवर विचार करणाऱ्यांच्या वाचनात तो लेख कायमचा येऊन बसला. नंतर कर्टिसनं अर्ज आणि मतदानाची पद्धत बसवली. तीही पुरली नाही. १९९६मध्ये जादूगारांनी कबूल केलं की सामाजिक निर्णयांतून अंग काढून घेणं आम्हाला कधी जमलंच नव्हतं.

मला त्या एकट्या जादूगाराची काळजी वाटते. त्यानं केलं ते बरोबर होतं असं मी मानते, पण समूहानं आधी ठरवायची गोष्ट त्याला रात्री एकट्यानं करावी लागली. आमच्या मंडळातही असा एक जण कायम असायचा. आयडी उडवायची वेळ आली की बाकीचे नेमके ऑफलाइन.

क्रम ठरवायचा तर पहिल्या जागी कोण, यावर माझं मत सांगते. पुस्तिकेच्या लेखकांना ते पूर्ण पटलेलं नाही. गप्पांच्या, अनुभवांच्या, छंदांच्या चर्चेत पहिली जागा रोमात असणाऱ्याची. मराठी संस्थळांवर रुळलेल्यांना हा शब्द सांगायला नको: नुसतं वाचणारा, लिहिण्याच्या मोडवर नसलेला. १९९६ साली अमेरिकेतून सुरू झालेल्या मायबोलीपासून मिसळपाव, उपक्रम, ऐसी अक्षरेपर्यंत जिथे जिथे मी वाचत बसले, तिथे माझीही सुरुवात रोमातच झाली. हा माणूस वाचता वाचता अंदाज घेत असतो. नव्या माणसाला इथे काय वागणूक मिळते? चूक झाली तर सांगतात कसं? बाईनं लिहिलं तर प्रतिसाद लेखावर येतात की तिच्यावर? पाचशे प्रतिसादांच्या धाग्यात भांडणारे सात-आठ असतात, बाकीचे सगळे हा अंदाज घेणारे.

पण आकडे मोजायची आपली सगळी साधनं उलट्या बाजूनं लावलेली असतात. काकांना पळवणारे ते विद्वान आयडी आमच्या सर्वात सक्रिय सदस्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. काडी टाकणारा, पॉपकॉर्न घेऊन बसणारा, डुआयडी (दुसरं, खोटं खातं) काढून स्वतःलाच ‘सहमत’ म्हणणारा, सगळे आकड्यांत दिसतात. गेलेला माणूस दिसत नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाचं मतस्वातंत्र्य राखताना आपण किती जणांचं मत जन्माआधीच गमावतो, याचा हिशेब कुठल्याही डॅशबोर्डवर नसतो. म्हणून मतस्वातंत्र्य मी क्रमात खाली ठेवते असं कुणी म्हणेल. मी ते जास्त माणसांसाठी मोजते, एवढंच.

उलट क्रम लावूनही मोठं काम होतं, याचं उदाहरण स्टॅक ओव्हरफ्लो. २००८मध्ये जोएल स्पॉल्स्की आणि जेफ ॲटवूड यांनी प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांसाठी ते सुरू केलं. त्यांचा पहिला मान प्रश्न विचारणाऱ्याला नव्हता, पुढे कधीतरी तोच प्रश्न शोधत येणाऱ्या अनोळखी वाचकाला होता. म्हणून विचारलेलाच प्रश्न पुन्हा आला की बंद, अघळपघळ प्रश्न बंद, आभार आणि नमस्कार सुद्धा काढून टाकायचे. त्यातून जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या हाताशी उत्तरांचा असा साठा आला की पुण्या-हिंजवडीतल्या कित्येक नोकऱ्या त्यावर टिकल्या असं गमतीनं म्हणता येईल. किंमतही चुकवावी लागली. पहिलाच प्रश्न दोन मिनिटांत बंद झालेला नवखा परत येत नसे. २०१८मध्ये कंपनीनं स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की नवख्यांना, आणि विशेषतः बायकांना, हे ठिकाण आपलं वाटत नाही. त्यांनी क्रम डोळे उघडे ठेवून ठरवला होता. कोरडा कुठला फड राहतोय, तिकडे बघायला मात्र दहा वर्षं लागली.

नियमांबद्दल पुस्तिकेत पुष्कळ आहे, मी एकाच गोष्टीकडे बोट दाखवते. चांगल्या नियमाला कोण बरोबर हे ठरवावं लागत नाही. विकिपीडियावर एका लेखात एकानं दुसऱ्याचे बदल २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचे नाहीत. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी नाही. स्लॅशडॉट या संस्थळावर प्रतिसादांना गुण द्यायचा अधिकार सामान्य सदस्यांना फिरत्या पद्धतीनं, थोड्या दिवसांसाठी मिळे, आणि ज्या चर्चेत तुम्ही बोललात तिथे तुम्हाला गुण देता येत नसत. मेटाफिल्टर या संस्थळानं २००४पासून नव्या सदस्याकडून एकदाच पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली. रक्कम किरकोळ, पण उडवलेला आयडी दर वेळी नवा जन्म घेऊन येणार तर पाच डॉलर मोजून. आमच्याकडे हे सुचवलं तेव्हा ‘मराठी माणूस पाच रुपयेही देणार नाही’ असं एकमतानं ठरलं. तेवढाच आमचा एकमतानं झालेला ठराव.

कायद्याचं काय, हे व्हॉट्सॲप ग्रुपवाले पहिल्यांदा विचारतात. त्यांची भीती अगदी हवेतली नाही. २०१२मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्या प्रकारानंतर ज्याला आव्हान दिलं गेलं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५मध्ये रद्द केलं. ग्रुपच्या ॲडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१चा निर्णय आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्यानं एका बाईंबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली, ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायलाही सांगितलं नाही. ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयानं तो रद्द केला: ॲडमिनच्या हाती माणूस घेणं आणि काढणं एवढंच आहे, समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही. निकाल योग्यच आहे. पण ‘आपल्यावर काही येत नाही ना’ या प्रश्नाला क्रमात पहिली जागा देणाऱ्या ॲडमिनांना मी विचारते, की त्या ग्रुपमधल्या त्या बाईंचं काय? तेवढं उत्तर न्यायालय देऊ शकत नव्हतं. ॲडमिन देऊ शकला असता, अंगठ्याच्या एका हालचालीनं.

वेग हीसुद्धा क्रमातली एक वस्तू आहे, हे आपल्याला फार महागात कळलं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याच्या बाजारात आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे होते. मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्यात, असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं, आणि २०१९च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. तोवर एका टिचकीत पुष्कळ जणांना पाठवता येणं हा गुणच समजला जात होता. मर्यादा आली ती पाटावर फावडी उगारली गेल्यावर. साक्री हा पांझरेचाच तालुका. तिथल्या फडांवर पाणी सोडायचा वेग ठरवणारा एक पाटकरी असायचा, आणि त्याला गाव ओळखत असे.

पाटकरी आणि जागल्या यांना गाव त्यांच्या कामाचा मोबदला देत असे. आपण देत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्या सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. पाणी, जंगल, मासेमारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळली, हे त्यांनी देशोदेशी पाहिलं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना राखणदार दिसले, वापरणाऱ्यांतलेच किंवा वापरणाऱ्यांना जबाबदार असलेले, आणि चढत्या क्रमाच्या शिक्षा दिसल्या: आधी समज, मग थोडा दंड, शेवटी हकालपट्टी. ऑनलाइन जगात शिक्षेची पायरी आपण शिकलो, राखणदाराच्या पोटाचं आणि झोपेचं मात्र विसरलो. १२ जून २०२३ला रेडिटवरचे हजारो गट त्यांच्याच फुकट राबणाऱ्या राखणदारांनी कुलूपबंद केले, कारण कंपनीनं बाहेरच्या ॲपवाल्यांसाठी नवे दर लावले होते आणि राखणीला लागणारी हत्यारं त्यात जाणार होती. आमच्याकडे संप झाला नाही. आमच्याकडे एकेक जण ‘घरी जरा अडचण आहे’ म्हणून गळाला. रात्री साडेअकराला आरक्षणावरच्या धाग्यात शिव्या पुसत बसण्यापेक्षा मुलाचा अभ्यास घेतलेला बरा, हे कळायला मलाच सात वर्षं लागली. पुस्तिकेत पाळी लावून काम वाटण्याचं प्रकरण आहे. घाईत असाल तर तेवढं तरी वाचा.

वाढीबद्दल लेखकांनी दोन पानं लिहिली आहेत, मी दोन ओळी लिहिते. यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत आणि मग रीत शिकत. १९९३च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी दार सताड उघडलं, आणि जुन्यांच्या भाषेत तो सप्टेंबर संपलाच नाही.

फुटण्याबद्दल मात्र मला वाईट वाटत नाही. क्रमच वेगळा असेल तर वेगळं व्हावं. राजकीय हक्क आधी की सामाजिक सुधारणा आधी, या क्रमावरूनच आगरकर १८८७मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. मराठी वाचकाचं त्यात नुकसान झालं नाही. एका संस्थळावर भांडून दुसरं काढणाऱ्यांची आपण थट्टा करतो खरी, पण त्यांनीही बहुधा आपला क्रमच शोधलेला असतो.

यादीत शेवटी येणारी, आणि या पुस्तिकेतही शेवटच्या प्रकरणात गेलेली गोष्ट म्हणजे दप्तर. चर्चा बंद पडेल त्या दिवशी लिहिलेल्याचं काय करायचं? ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं, २०२०च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स. गड-किल्ल्यांच्या, गझलेच्या, पाककृतींच्या, परदेशात गेलेल्या पोरांच्या किती मराठी गप्पा त्यांत होत्या याची मोजदाद कुणी केलेली नाही. आमचं संस्थळ अजून उभं आहे, गर्दी ओसरली तरी. दप्तर जपायचं, कुणाचाही जुना प्रतिसाद नंतर बदलायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं आणि त्यावर कधी वाद झाला नाही. ही प्रस्तावना लिहिताना मी मुक्कामी गाडीचे चारही भाग पुन्हा काढून वाचले. चौथ्या भागात घाटात गाडी बंद पडते आणि लग्नाचं वऱ्हाड डब्यातले लाडू सगळ्या गाडीला वाटतं. त्याखाली सतरा प्रतिसाद आहेत. शेवटचा असा: ‘मुक्कामि नव्हे, मुक्कामी. पु.ले.शु.’